वृद्ध कुत्र्याचा मूत्रपिंडविकार आणि त्याचें अन्न

शेतकीच्या मासिकांत कुत्र्यावर लेख कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. बैलाच्या खांद्यावर, गाईच्या कासेवर व शेळीच्या खुरांवर आपण पुष्कळ वाचतों, व तें योग्यच आहे. परंतु जो प्राणी दहा-बारा वर्षें आपली खळ्यावरची रास राखतो, भुईमुगांतून रानडुकरें हुसकून लावतो व वस्तीवरच्या लेकरांच्या उशाशीं बसून रात्र काढतो, त्याच्या म्हातारपणाविषयीं आपण कधींच कांहीं वाचीत नाहीं. तो भाकरीकडे पाठ फिरवूं लागला म्हणजे “आतां त्याचे दिवस भरले” असें म्हणून आपण मोकळे होतों. कित्येक वेळां तें खरेंही असतें. पण पुष्कळ वेळां दिवस भरलेले नसतात. केवळ मूत्रपिंडें थकलेलीं असतात, आणि योग्य रीतीनें वागल्यास त्या प्राण्यास कित्येक महिने, क्वचित् वर्ष-दोन वर्षेंही, सुखानें खातांपितां काढतां येतात. ती रीति कोणती, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

मी पशुवैद्य नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व वडिलार्जित जमीन कसणारा मी एक सामान्य मनुष्य आहें. मात्र आयुष्यभर नोंदी ठेवण्याची संवय लागलेली असल्यामुळें, माझ्या कुत्र्याच्या आजारांत काय घडलें, कोठें चुकलें व कशाचा गुण आला, हें मीं दररोज लिहून ठेविलें. त्या वहीच्या आधारें व आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यांनीं वेळोवेळीं समजावून सांगितलेल्या गोष्टींच्या आधारें हा लेख लिहिला आहे.

खंड्याची हकीकत

आमच्या कुत्र्याचें नांव खंड्या. बाप कारवानी जातीचा व आई गांवठी. अंगानें सडपातळ, पायानें चपळ, आणि वजन भरांत असतां २२ किलो. अकरावें वर्ष लागल्यावर तो पाणी फार पिऊं लागला. पूर्वीं एका मोगऱ्यानें भागत असे, तेथें तीन मोगे लागूं लागले. रात्रीं ओसरीवर लघवी होऊं लागली. मीं विचार केला कीं, पाणी कमी केलें म्हणजे लघवी कमी होईल. म्हणून संध्याकाळनंतर त्याचें पाण्याचें भांडें उचलून ठेवूं लागलों. ही माझी पहिली चूक.

त्याच सुमारास थंडीमुळें त्याचे मागचे पाय आंखडूं लागले. माझ्या गुडघ्यासाठीं घरांत असलेली दुखण्याची गोळी मीं अर्धी करून त्याला चार दिवस दिली. ही दुसरी चूक, व पहिलीहून मोठी. पांचव्या दिवशीं त्यानें भाकरी हुंगली आणि तोंड फिरविलें. सातव्या दिवशीं पिवळी उलटी झाली व तोंडाला उग्र, गोठ्यांतील मुतासारखी घाण येऊं लागली. तेव्हां मात्र मी त्याला घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेलों. वजन १८ किलो भरलें.

डॉक्टरांनीं रक्त व लघवी तपासण्यास पाठविली. मग कागद हातांत घेऊन ते म्हणाले, “भाऊसाहेब, कुत्रा हट्टी नाहीं आणि मरायलाही टेकलेला नाहीं. त्याला मळमळतें आहे. आपणांस पित्त चढलें असतां कोणी समोर श्रीखंडाची वाटी ठेवली, तर आपण खाल काय ?” या एका प्रश्नानें माझे डोळे उघडले. एक आठवडाभर मी त्याच्यापुढें ताटें बदलीत होतों. परंतु दोष ताटांत नसून रक्तांत होता.

मूत्रपिंडाचें काम

मूत्रपिंडें दोन असून त्या प्रत्येकांत लाखों सूक्ष्म गाळण्या असतात. अन्नाचें पचन झाल्यावर जो टाकाऊ भाग रक्तांत राहतो, तो या गाळण्या लघवीवाटे बाहेर टाकतात व कामाचें पाणी पुन्हा रक्तांत ओढून घेतात. शेतकऱ्यास हा हिशेब नवा नाहीं. नत्र, स्फुरद व पालाश हीं आपण पिकास घालतों; तींच अन्नांतून प्राण्याच्या शरीरांतही जातात. मांस, अंडीं व डाळी यांतील प्रथिनांपासून नत्राचा टाकाऊ भाग, म्हणजे युरिया, तयार होतो. हाडें, दूध, काळीज वगैरे पदार्थांतून स्फुरद येतो. निरोगी मूत्रपिंडें जास्त झालेलें सर्व बाहेर काढून टाकतात. थकलेल्या मूत्रपिंडांस तें जमत नाहीं, व ज्या शेताचा निचरा बंद झाला आहे तेथें जसे क्षार वर येतात, तसे हे पदार्थ रक्तांत सांचत जातात.

या गाळण्या एकदां नष्ट झाल्या म्हणजे पुन्हा उत्पन्न होत नाहींत. उरलेल्या गाळण्याच सर्वांचें काम ओढतात. सुमारें दोन-तृतीयांश गाळण्या गेल्या म्हणजे लघवी घट्ट करण्याची शक्ति जाते. लघवी पाण्यासारखी पातळ व पुष्कळ होते, आणि ती भरून काढण्यासाठीं प्राणी जास्त पाणी पितो. सुमारें तीन-चतुर्थांश गेल्या म्हणजे रक्तांत क्रिएटिनीन नांवाचा पदार्थ वाढलेला दिसतो. म्हणून जास्त पाणी पिणें हें पहिलें लक्षण होय. अन्न सोडणें हें बरेंच पुढचें. आपण बहुधा दुसऱ्या लक्षणावर जागे होतों. मात्र जास्त तहान मधुमेहासारख्या इतर रोगांतही लागते, म्हणून तपासणीवांचून निदान करूं नये.

पशुवैद्य या रोगाचे चार टप्पे मानतात. १०० मिलिलिटर रक्तांत क्रिएटिनीन १.४ मिलिग्रॅमच्या आंत असून इतर चिन्हें असतील तर पहिला, १.४ पासून २.८ पर्यंत दुसरा. तेथून ५ पर्यंत तिसरा. व त्यापुढें चौथा. खंड्याचा आंकडा ३.६ होता, म्हणजे तिसरा टप्पा. हा आंकडा पाणी भरून निघाल्यावर घेतलेला असावा. कोरड्या पडलेल्या शरीरांत तो फुगून दिसतो.

भूक कां जाते

भूक जाण्याचीं कारणें एकाहून अधिक असतात व तीं निरनिराळीं ओळखावीं लागतात.

(१) रक्तांत सांचलेले टाकाऊ पदार्थ मेंदूंतील वांतीच्या केंद्रास चाळवितात, त्यामुळें मळमळ होते. कुत्रा ओठ चाटतो, लाळ गाळतो, वारंवार गिळतो, गवत खातो. ताटाजवळ उत्साहानें येतो, हुंगतो, आणि मागें सरतो. असा कुत्रा उपाशी नसतो असें नाहीं. त्याला भूकही असते व किळसही असते.

(२) हिरड्यांवर व जिभेच्या कडेला व्रण पडतात. घांस तोंडांत घेऊन तो खालीं टाकणारा कुत्रा बहुधा तोंड दुखत असल्यामुळें तसें करतो. किडलेला दांतही असेंच करवितो.

(३) शरीरांतील पाणी कमी होतें. तोंड कोरडें, हिरड्या चिकट, शौचास खडा. अशा स्थितींत कोणासही अन्न गोड लागत नाहीं.

(४) रक्त कमी होतें. नवें रक्त तयार करण्याची आज्ञा मूत्रपिंडांतून निघत असते; ती मंदावली म्हणजे हिरड्या फिक्या पडतात व प्राणी मरगळतो.

(५) म्हातारपणीं वास कमी येतो, आणि कुत्र्याचें जेवण निम्मेंअधिक नाकानें होतें. मान वा कंबर आंखडलेली असल्यास जमिनीवरच्या ताटापर्यंत वांकणेंही त्याला जड जातें.

यांपैकीं पहिलीं चार कारणें चांगल्या पदार्थांनीं दूर होत नाहींत. त्यांस औषध लागतें. या लेखांतील मुख्य गोष्ट हीच आहे: आधीं मळमळ घालवावी, मग अन्नाचा विचार करावा. हा क्रम उलटा केल्यास चांगलें अन्नही वायां जातें, आणि वायां जातें एवढेंच नव्हे, तर वाईट होऊन बसतें. तें कसें, तें पुढें सांगतों.

पाणी कधींही तोडूं नये

पुष्कळ घरीं माझ्याप्रमाणेंच लघवीच्या त्रासामुळें पाणी तोडतात. हें विष देण्यासारखें आहे. कुत्रा जास्त पितो म्हणून जास्त मुतत नाहीं. जास्त मुतावें लागतें म्हणून जास्त पितो. पाणी बंद केलें तरी लघवी चालूच राहते व प्राणी आंतून वाळतो. स्वच्छ पाणी दोन-तीन ठिकाणीं, रात्रींसुद्धां, भरून ठेवावें. ओसरी घाण होते असें वाटल्यास जुनें पोतें अंथरावें व रोज धुवून वाळवावें.

तोंडानें घेतलेलें पाणी पुरत नसेल तर डॉक्टर सलाईन देतात. पुढें पुढें तें मानेजवळच्या सैल कातडीखालीं कसें सोडावें, हें ते घरच्या माणसास शिकवितात. मला प्रथम सुई हातांत धरवेना. परंतु तिसऱ्या खेपेपासून खंड्या ओट्यावर स्वस्थ उभा राही, आणि सलाईन झाल्यावर तासा-दोन तासांनीं ताटाकडे येई. किती व कितव्या दिवशीं द्यावें, हें मात्र डॉक्टरांनींच ठरवावें. हृदय दुर्बळ असलेल्या कुत्र्यास जादा पाणी बाधतें.

औषधाचें काम

मळमळीवर मॅरोपिटँट व ओंडान्सेट्रॉन हीं औषधें, आणि भूक वाढविण्यास मिर्टाझापीन हें औषध पशुवैद्य वापरतात. कॅप्रोमोरेलिन नांवाचें, खास कुत्र्यांची भूक वाढविण्यासाठीं तयार केलेलें औषध अमेरिकेंत २०१६ सालीं मंजूर झालें. रक्तांतील स्फुरद वाढला असल्यास ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखें स्फुरद बांधून ठेवणारें औषध देतात. तें अन्नांत मिसळूनच द्यावें लागतें, कारण त्याचें काम पोटांतील अन्नाशींच असतें. उपाशीं पोटीं दिल्यास त्याचा उपयोग नाहीं. रक्तदाब वाढला असल्यास त्याचेंही औषध लागतें. हीं नांवें माहितीसाठीं दिलीं आहेत. माणसांच्या दुकानांतून आणून स्वतः देण्यासाठीं नव्हेत. मात्रा वजनावर व रक्ताच्या आंकड्यांवर ठरते.

काय घालावें

अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या पशुवैद्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, हा रोग असलेले ३८ कुत्रे दोन वर्षेंपर्यंत पाहण्यांत आले. कांहींस नेहमींचें व कांहींस मूत्रपिंडविकारासाठीं मुद्दाम तयार केलेलें अन्न दिलें होतें. ज्यांस तें खास अन्न मिळालें, त्यांस रोगाचे झटके उशिरां आले व ते जास्त जगले. या अन्नांत स्फुरद व मीठ कमी, प्रथिनें माफक परंतु उत्तम प्रतीचीं, व स्निग्धांश बराच असतो. असें तयार अन्न आतां आपल्या शहरांतील दुकानांत मिळतें, पण महाग पडतें, व गांवठी कुत्रा तें एकदम स्वीकारीलच असें नाहीं.

घरीं करावयाचें असल्यास कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत स्फुरद ज्वारी-बाजरीच्या निम्म्याहूनही कमी असतो, म्हणून भाकरीपेक्षां मऊ भात बरा. अंड्यांतील स्फुरद जवळजवळ सर्व पिवळ्या बलकांत असतो. पांढरा बलक मात्र उत्तम प्रथिन असून त्यांत स्फुरद नाममात्र. मांस उकडून तें पाणी ओतून टाकल्यास त्यांतील कांहीं स्फुरद निघून जातो. तूप शक्ति देतें व मूत्रपिंडांवर भार घालीत नाहीं. मात्र एकदम पुष्कळ घातल्यास पोट बिघडतें व स्वादुपिंडास सूज येण्याचें भय असतें.

खंड्यासाठीं डॉक्टरांनीं बांधून दिलेला दिवसाचा शिधा असा होता: १५० ग्रॅम तांदुळाचा भात, ५० ग्रॅम कोंबडीचें उकडलेलें मांस, एक सबंध अंडें, आणखी दोन अंड्यांचा पांढरा बलक, आणि दोन लहान चमचे तूप. अंडीं नेहमीं शिजवून. यांत सुमारें ८०० उष्मांक होतात. हिशेबाची सोपी रीति अशी: कुत्र्याचें वजन किलोंत घेऊन त्याची ३० पट करावी व त्यांत ७० मिळवावे. १८ किलोंस ६१० आले. एवढे उष्मांक नुसत्या विश्रांतीस लागतात. हिंडण्याफिरण्यासाठीं त्यावर कांहीं वाढ डॉक्टर सांगतात. या शिध्यांत चुना, म्हणजे कॅल्शियम, व जीवनसत्त्वें अपुरीं असतात, तीं डॉक्टरांनीं वेगळीं दिलीं होतीं. म्हणून हा शिधा जसाच्या तसा उतरून न घेतां, आपल्या कुत्र्याचे आंकडे दाखवून नवा बांधून घ्यावा. ज्या घरीं अंडें-मांस शिजत नाहीं, त्यांनींही तसें स्पष्ट सांगावें, उपाय निघतो.

कसें घालावें

मळमळ थांबल्यावर अन्न घालण्याचीही एक रीति आहे.

(१) अन्न कोमट असावें, अंगाच्या उष्णतेइतकें. थंड अन्नास वास नसतो. हें आमच्या घरांतून लक्षांत आलें. चुलीवर भाताला कढ आला कीं खंड्या दारांत येऊन बसे, आणि निवलेलें ताट पाहून निघून जाई. त्या दिवसापासून ताट वाफ गेल्याबरोबर, बोटाला सोसेल इतक्या उबेंत पुढें ठेवूं लागलों.

(२) एकदम न घालतां दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें घालावें. ज्या वेळीं कुत्रा ताजातवाना असेल ती वेळ साधावी. खंड्यास सकाळीं मळमळ अधिक असे, म्हणून मोठा वांटा तिसऱ्या प्रहरीं ठेविला.

(३) ताट पसरट असावें व चार-सहा इंच उंच पाटावर ठेवावें, म्हणजे मान वांकवावी लागत नाहीं. दुसरे कुत्रे, कोंबड्या व पोरेंटोरें तेथें नसावीं.

(४) पंधरा-वीस मिनिटें ताट ठेवून उरलेलें उचलावें. दिवसभर पुढें पडलेल्या अन्नाचा वास किळस वाढवितो. समोर बसून “खा, खा” म्हणत राहूं नये. हातानें दोन घांस द्यावे. घेतले तर ठीक, नाहींतर उठावें.

(५) वास चढविण्यासाठीं बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या मांसरसाचा एखादा चमचा किंवा काळजाचा उकडलेला, बोराएवढा तुकडा कुसकरून घालावा. तो मसाल्याप्रमाणें समजावा, अन्नाप्रमाणें नव्हे.

(६) नवें अन्न सुरू करतांना जुन्यांत चौथाई मिसळावें व दोन ते चार आठवड्यांत हळूहळू पूर्ण बदलावें. मळमळ चालू असतां नवें अन्न मुळींच दाखवूं नये. कुत्र्याची स्मरणशक्ति या बाबतींत फार पक्की असते. जें अन्न पुढें असतां त्याला वांती झाली, त्या अन्नास तो दोषी धरतो, व बरा झाल्यावरही त्यास शिवत नाहीं.

(७) औषध आवडत्या अन्नांत लपवूं नये. ही माझी तिसरी चूक. कडू गोळी मीं दूध-भाकरींत घातली. दूध-भाकरी हा त्याचा जन्माचा आवडता पदार्थ. पण त्या दिवसापासून त्यानें ती मरेपर्यंत तोंडांत घेतली नाहीं. गोळी वेगळ्या, लहानशा घांसांत द्यावी. अन्नांतच द्यावयाचें औषध असेल तर तें बेचव असल्याची खात्री करून घ्यावी.

(८) जबरदस्तीनें जबडा उघडून पेज वा दूध ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाऊन फुप्फुसें सुजतात, व कुत्रा मूत्रपिंडानें मरण्याऐवजीं आपल्या हातानें मरतो. अगदींच खात नसेल तर मोठ्या दवाखान्यांत मानेंतून अन्ननलिकेंत नळी बसवून अन्न देतात. आपल्या राज्यांत मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी व उदगीर येथें पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत. त्यांपैकीं मुंबईचें १८८६ सालीं स्थापन झालेलें. तेथील रुग्णालयांत सल्ला मिळूं शकतो.

आणखी एक गोष्ट. खास अन्न तो कशानेंही खाईना, तर त्यास उपाशीं ठेवूं नये. पथ्याचें अन्न ताटांत राहण्यापेक्षां बिनपथ्याचें अन्न पोटांत गेलेलें बरें. उपाशीं प्राण्याचें शरीर स्वतःचेंच मांस जाळतें, आणि त्याचाही टाकाऊ भाग रक्तांतच येतो. म्हणजे पथ्याचा हेतुच फसतो. डॉक्टरांचें हें सांगणें मला फार मोलाचें वाटलें. थोडें भाताबरोबर, थोडें भाकरीबरोबर, जें जाईल तें जाऊं द्यावें, व पथ्य पुन्हा हळूहळू आणावें.

काय घालूं नये

हाडें, सुकी मासळी, खारवलेले व मसालेदार पदार्थ या रोगांत वर्ज्य. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याचें रक्त नासतें, म्हणून घरचा रस्सा कधींही घालूं नये. द्राक्षें, मनुका व बेदाणे यांविषयीं नाशिक, सांगली व सोलापूरकडील बागाईतदारांनीं विशेष जपावें. कित्येक कुत्र्यांस द्राक्षें बाधत नाहींत. परंतु कांहींचीं निरोगी मूत्रपिंडेंही थोड्याशा द्राक्षांनीं एक-दोन दिवसांत निकामी होतात, आणि कोणता कुत्रा कोणत्या प्रकारचा, हें आधीं सांगतां येत नाहीं. त्यांतील टार्टारिक आम्ल यास कारण असावें, असा तर्क २०२१ पासून पुढें आला आहे. तें आम्ल चिंचेंतही असतें. म्हणून चिंचेपासूनही कुत्र्यास दूर ठेवावें.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्यास कधींही देऊं नयेत. डायक्लोफिनॅक दिलेलीं मेलेलीं जनावरें खाऊन आपल्या देशांतील गिधाडें मूत्रपिंडें बिघडून लाखोंनीं मेलीं, व म्हणून २००६ सालीं जनावरांसाठीं तें औषध बंद करण्यांत आलें, हें वाचकांस ठाऊक असेल. कुत्रा गिधाडाइतका नाजूक नसला तरी म्हाताऱ्या, पाणी कमी पडलेल्या कुत्र्यास असल्या गोळ्यांचा घाव तेथेंच बसतो. माझ्या गोळीनें खंड्याचा रोग उत्पन्न केला नाहीं. पण असलेला वाढविला, असें डॉक्टरांनीं आडपडदा न ठेवितां सांगितलें.

उंदरांच्या मुतानें पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोगही मूत्रपिंडें बिघडवितो, व तो कुत्र्यापासून माणसांस होऊं शकतो. म्हणून कणगीजवळच्या उंदरांचा बंदोबस्त करावा, कुत्र्यास दरवर्षीं लस टोंचावी, व आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हातानें पुसूं नये. गोचिडांपासून होणारा तापही मूत्रपिंडांस बाधतो. तेव्हां गोचीड निवारणास हयगय करूं नये.

नोंद ठेवावी

एका कोऱ्या वहींत रोज पांच रकाने भरावे: किती खाल्लें, किती पाणी प्यायला, उलटी झाली काय, शौच कशी, आणि वागणें कसें. दर रविवारीं वजन करावें. स्वतः त्याला उचलून वजनकांट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें उभें राहून वजाबाकी करावी. या वहीचा उपयोग मला असा झाला कीं, “खात नाहीं” असें मोघम सांगण्याऐवजीं “मंगळवारपासून निम्में, गुरुवारीं दोनदां उलटी” असें मी सांगूं शकलों, व डॉक्टरांचा अर्धा तर्क वांचला. चोवीस तासांत कांहींच पोटांत गेलें नाहीं, किंवा पाणीही राहीना, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

शेवट

उपचार सुरू झाल्यावर खंड्याचें वजन दोन महिन्यांत १८ वरून २० किलोंवर आलें, व तेथें बराच काळ टिकलें. तो १३ महिने जगला. त्यांतील एका सुगींत त्यानें नेहमीप्रमाणें खळ्यावर बसून राखण केली. धांवला नाहीं, पण भुंकला. शेवटच्या पंधरवड्यांत क्रिएटिनीन ७ च्या वर गेलें. औषध असूनही मळमळ थांबेना, आणि वहींतील पहिला रकाना चार दिवस कोरा राहिला. तेव्हां डॉक्टरांनीं मला ओट्यावर बसवून विचारलें कीं, आपण हें त्याच्यासाठीं करतां आहां कीं आपल्यासाठीं. मीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं घरीं येऊन त्यास इंजेक्शन दिलें, आणि तो माझ्या मांडीवर डोकें ठेवून शांत झाला. बांधावरच्या लिंबाखालीं त्यास पुरलें.

हें दुःख सांगण्याचा हेतु एवढाच कीं, हा रोग बरा होत नाहीं, हें आरंभींच मान्य करावें. जें आपल्या हातीं आहे तें असें: सात-आठ वर्षांपुढील कुत्र्याचें पाणी पिणें वाढल्याबरोबर रक्त व लघवी तपासावी, पाणी तोडूं नये, घरची गोळी देऊं नये, अन्न सोडल्यास ताटें बदलण्यापूर्वीं मळमळीवर औषध घ्यावें, मग कोमट, मऊ, थोडें व पुन्हा पुन्हा घालावें, आणि जेव्हां औषधानेंही त्याची किळस जात नाहीं, तेव्हां त्यास ओढून धरूं नये.

राखणदाराची चाकरी आपण पुरेपूर घेतों. त्याच्या निवृत्तीच्या काळीं एक कोमट ताट व एक नोंदवही, एवढा खर्च कोणाही शेतकऱ्यास जड नाहीं.